लिग्युला : एक कृमी, दोन नावे

लिग्युला इंटेस्टायनॅलिस हा पाणपक्ष्यांच्या आतड्यात राहणारा पट्टकृमी आहे. मात्र आयुष्याचा मोठा भाग तो पक्ष्यात काढत नाही. तो वाढतो माशाच्या पोटात, महिनोन् महिने. पक्ष्याच्या आतड्यात येतो तो केवळ अंडी घालण्यापुरता, जेमतेम काही दिवस. माशाच्या पोटात असताना तो पांढरी, जाडसर, सपाट फीत असते. कधी कधी ही फीत माशापेक्षाही लांब भरते आणि पोटाच्या पोकळीत घड्या घालून बसते. पक्ष्यात तोच कृमी पक्व होतो आणि अंड्यांनी भरतो. दोन ठिकाणच्या या दोन रूपांमुळे जवळजवळ शंभर वर्षे युरोपातल्या विद्वानांनी त्याला दोन वेगळे प्राणी मानले. ती चूक कशी सुधारली गेली, त्याचा हा इतिहास आहे.

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेला लागून असलेल्या रंकाळ्यासारख्या तळ्याच्या काठी उभे राहिले, तर या कृमीला कोणकोणते सोबती लागतात याची कल्पना चटकन येते. काठाच्या उथळ पाण्यात डोळ्यांना जेमतेम दिसणारे, टिंबाएवढे सायक्लॉप्स आणि त्यांच्या जातीचे कवचधारी जीव. त्यांच्यावर जगणारे कार्प कुळातले लहान मासे. माशांवर टपलेल्या टिबुकल्या, पाणकावळे, बगळे. याच पाण्यावर काळाभोर, कपाळावर पांढरा टिळा असलेला वारकरीही दिसतो, पण तो नावाला जागणारा, बराचसा शाकाहारी. लिग्युलाच्या गोष्टीत त्याला जागा नाही. मासेखाऊ पक्ष्याच्या विष्ठेतून कृमीची अंडी पाण्यात पडतात. अंड्यातून केसाळ, पोहणारी अळी निघते आणि थोड्याच अवधीत तिला सायक्लॉप्ससारख्या जीवाने गिळले नाही, तर ती मरते. गिळली गेली तर त्या जीवाच्या अंगात ती पुढची अवस्था गाठते. तो जीव माशाने खाल्ला की अळी माशाचे आतडे भेदून पोटाच्या पोकळीत उतरते आणि वाढू लागते. मासा पक्ष्याने खाल्ला की वर्तुळ पुरे होते. आज हे शाळकरी पुस्तकातल्या आकृतीसारखे सोपे वाटते. प्रत्यक्षात या वर्तुळाचा शेवटचा दुवा आधी सापडला, पहिला दुवा सर्वांत उशिरा, आणि दोहोंमध्ये सव्वाशेहून अधिक वर्षे गेली.

कार्ल लिनियसने १७५८ साली आपल्या 'सिस्टिमा नेचुरी' या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत या प्राण्याची नोंद केली, पण घातला तो यकृतकृमींच्या 'फॅसिओला' या गटात. कृमी शरीरात कुठून येतात, हा त्या काळचा मोठा वादाचा प्रश्न होता. कोणी म्हणत, ते शरीरातच आपोआप उपजतात. कोणी म्हणत, ते आईकडून मुलाकडे उतरतात. ते बाहेरून येतात असे म्हणणारे थोडे होते. खुद्द लिनियसचा कल बाहेरच्या बाजूला होता, पण त्याची समजूत अशी की माणसाच्या पोटातले कृमी झऱ्यांत आणि चिखलात मोकळे राहतात. दिशा बरोबर होती, पत्ता चुकला होता.

कोपनहेगनच्या विज्ञान अकादमीने या प्रश्नावर बक्षिसाचा निबंध मागवला. पहिले बक्षीस मिळाले बर्लिनच्या मार्कुस एलिझर ब्लॉख या डॉक्टरला. त्याचा निबंध १७८२ मध्ये छापला गेला आणि त्यातच 'लिग्युला' हे नाव प्रथम आले. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ पट्टी किंवा लहान जीभ. हाच ब्लॉख पुढे माशांवरच्या भव्य सचित्र ग्रंथामुळे नावाजला. मासे त्याच्याइतके त्या काळात फार थोड्यांनी पाहिले असतील. तरीही त्याने लिग्युलाचे दोन भाग पाडले: एक माशांचा, एक पक्ष्यांचा. निबंधाचा निष्कर्षही ठाम होता : कृमी जन्मजात असतात, बाहेरून येत नाहीत. माशातला आणि पक्ष्यातला कृमी एकाच्याच टेबलावर, एकाच्याच पुस्तकात शेजारी शेजारी आले होते. फक्त मासा पक्ष्याचे अन्न आहे ही गोष्ट त्या टेबलावर कोणी ठेवली नाही.

बक्षीस देणाऱ्या शहरातच त्याला उत्तर मिळाले. पेटर क्रिस्टियान आबिल्डगार हा कोपनहेगनचा पशुवैद्य. डेन्मार्कची पशुवैद्यक शाळा त्यानेच १७७३ मध्ये उभी केली होती. पाठीवर तीन काटे असलेल्या स्टिकलबॅक या बोटभर माशाच्या पोटात त्याला एक चपटा कृमी दिसे. हा लिग्युलाचा सख्खा नातलग, शिस्टोसेफॅलस. तसाच कृमी पाणपक्ष्यांच्या आतड्यातही दिसे, फक्त पक्ष्यातल्याची वाढ पुरी झालेली आणि तो अंड्यांनी भरलेला. आबिल्डगारने वाद घातला नाही. त्याने कृमी असलेले मासे बदकांना चारले, मग बदके कापली आणि त्यांच्या आतड्यात कृमी दाखवले. १७९० साली ही हकीगत छापली गेली. एखाद्या परोपजीवीचा एका यजमानातून दुसऱ्यात होणारा प्रवास प्रयोगाने दाखवण्याची ही पहिलीच नोंद मानली जाते. ज्या प्रश्नावर पंडितांनी जाडजूड ग्रंथ लिहिले, तो गुरांच्या डॉक्टरने मासे चारून सोडवला. चारा आणि रोग यांचा संबंध रोज पाहणाऱ्याला ही युक्ती सुचावी यात नवल नाही.

नवल आहे ते पुढच्या शांततेचे. हे काम जवळजवळ पन्नास वर्षे विस्मरणातच राहिले. कृमिशास्त्राचा जनक म्हणवला जाणारा कार्ल अस्मुंड रुडॉल्फी याने १८०८ ते १८१० या काळात कृमींचा मोठा नैसर्गिक इतिहास प्रसिद्ध केला. माशातल्या लिग्युलाला त्याने 'सिंप्लिसिसिमा' म्हटले, म्हणजे अगदी साधा. पक्ष्यातल्या रूपांना जननेंद्रियांच्या मांडणीवरून 'युनिसेरियालिस', 'आल्टर्नान्स' अशी आणखी नावे दिली. जननेंद्रिये ही वाढीबरोबर बदलणारी गोष्ट. तिच्यावरून जाती पाडल्या की एकाच प्राण्याचे बालपण, तारुण्य आणि म्हातारपण तीन जाती होणार, हे उघड आहे. पण रुडॉल्फीसारखा दांडगा वर्गीकरणकार कृमी शरीरातच उपजतात असे मानत होता. वाढीचा प्रवास असतो हेच गृहीत नसेल, तर प्रत्येक टप्पा मुक्कामाचे गाव वाटतो.

विद्वान असे अडखळत असताना उत्तर इटलीत लोक हा कृमी तळून खात होते. टेंच नावाच्या माशाच्या पोटातून निघणाऱ्या लिग्युलाला तिथे 'चपटी मॅकरोनी' म्हणत आणि ती चवीची गोष्ट समजली जाई. जुन्या कृमिशास्त्राच्या पुस्तकांत ही नोंद पुन्हा पुन्हा येते. ऐकणाऱ्याला शिसारी येईल, पण शिजवलेला कृमी निरुपद्रवी असतो आणि हा तर मुळात माणसाचा नव्हेच.

१८४२ मध्ये डेन्मार्कच्याच यापेटुस स्टेन्स्ट्रुपने पिढ्यांच्या आलटापालटीचा सिद्धांत मांडला. एकाच जातीच्या प्राण्याची रूपे पिढीगणिक इतकी वेगळी असू शकतात की ती परकी वाटावीत, हा त्याचा मुद्दा. त्यानंतर कृमींकडे पाहण्याची नजर पालटली. सॅक्सनीतल्या त्सिटाऊ गावचा डॉक्टर फ्रिड्रिश क्युखेनमाइस्टर याने १८५०च्या दशकाच्या सुरुवातीला सशांच्या पोटातल्या पाण्याच्या पुटकुळ्या कुत्र्यांना चारून त्यांत पट्टकृमी वाढवले. मग फाशीची शिक्षा झालेल्या कैद्याला, त्याच्या नकळत, डुकराच्या मांसातल्या पुटकुळ्या खाऊ घातल्या आणि फाशीनंतर आतडे तपासले. हा प्रयोग त्या वेळीही निंदला गेला. शास्त्र मात्र त्यातून पुढे सरकले, हे नाकारता येत नाही.

लिग्युलाचा स्वतःचा निकाल लागला फ्रान्समधल्या लिऑन शहराच्या परिसरात. तिथल्या तळ्यांत मासे पाळत आणि त्या माशांत हा कृमी पैदा होई, तेव्हा प्रश्न बाजाराचाही होता. दुशां याने १८७६ मध्ये आणि दोनादिए याने १८७७ मध्ये स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केले. बदकांना माशातले लिग्युला चारले की ते काही दिवसांतच पक्व होतात, अंडी घालतात आणि बाहेर पडतात, असे दिसून आले. आबिल्डगारने शिस्टोसेफॅलसबद्दल दाखवलेली गोष्ट लिग्युलाबद्दलही सिद्ध झाली. दोन नावांचा प्राणी एक ठरला. मोठा शोध खरे तर वेगाचा होता: माशात महिनोन् महिने रेंगाळणारा कृमी पक्ष्यात आल्यावर दोन-तीन दिवसांत अंड्यांवर येतो.

हे कशामुळे, याचा उलगडा विसाव्या शतकात झाला. जे. डी. स्मिथ या प्राणिशास्त्रज्ञाने १९४०च्या दशकात माशातून काढलेले हे कृमी निर्जंतुक पोषक द्रवात ठेवले आणि द्रव ४० अंश सेल्सिअसपर्यंत तापवला. कृमी काचेच्या नळीत पक्व झाले. पक्ष्याच्या शरीराची ऊब हीच त्यांची घंटा होती. माशाच्या थंड पोटात सारी वाढ आणि साठवण आधीच उरकलेली असते. ऊब मिळाली की साठवणीची अंडी होतात.

आता राहिला पहिला दुवा. पक्ष्यातून पाण्यात पडलेले अंडे माशापर्यंत कसे पोहोचते? दुशां-दोनादिएंच्या काळी समजूत अशी होती की मासा अंडे किंवा अळी थेट गिळत असावा. हा प्रश्न सुटण्यास मदत झाली ती अगदी वेगळ्या कृमीमुळे आणि त्या कृमीची महाराष्ट्राला चांगलीच ओळख आहे: नारू. रशियन निसर्गशास्त्रज्ञ अलेक्सेई फेदचेंको याने १८७० मध्ये मध्य आशियातल्या तुर्केस्तानात नारूच्या अळ्या सायक्लॉप्सच्या अंगात वाढताना पाहिल्या. पट्टकृमी आणि नारू यांचे गोत्र एक नाही, पण पाण्यातल्या टिंबाएवढ्या जीवात कृमीचे बालपण जाऊ शकते हे त्यामुळे कळले. मुंबईत डी. ए. तुर्खुड या भारतीय जंतुशास्त्रज्ञाने १९१३च्या सुमारास राजीखुशीने पुढे आलेल्या माणसांना नारूच्या अळ्या असलेले सायक्लॉप्स पाण्यातून पाजले आणि पुढे त्यांच्या अंगातून नारू निघाले. आबिल्डगारने बदकांवर केले तेच तुर्खुडांनी माणसांवर केले, असे म्हणता येईल. फरक इतकाच की इथे गिळणाऱ्याला काय गिळतो आहोत हे ठाऊक होते.

युरोपात स्वित्झर्लंडमधल्या नूशातेल इथे यानित्स्की आणि रोझेन यांनी १९१७ मध्ये माणसाला होणाऱ्या मत्स्य-पट्टकृमीची पहिली अवस्था अशाच कवचधारी जीवात दाखवली. त्यानंतर लवकरच रोझेननेच लिग्युलाचेही तसेच आहे हे प्रसिद्ध केले. अंडे, टिंबाएवढा जीव, मासा, पक्षी: साखळी पुरी झाली. आबिल्डगारच्या बदकांपासून सव्वाशेहून अधिक वर्षांनी.

महाराष्ट्रात सायक्लॉप्स हे नाव लोकांना कळले ते पट्टकृमीमुळे नव्हे. १९८०च्या दशकात देशाने नारू निर्मूलनाचा कार्यक्रम हाती घेतला. लागण असलेल्या सात राज्यांत महाराष्ट्र होता. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरू नये, पाणी फडक्याने गाळून प्यावे, विहिरीत टेमेफॉस हे कीटकनाशक टाकावे, ही सारी मोहीम एका अर्थाने सायक्लॉप्सविरुद्धची मोहीम होती. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात आढळला आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. साखळीचा एक दुवा तोडला की कृमी जातो, याचा इतका स्वच्छ पुरावा दुसरा क्वचितच असेल.

भारतात पक्ष्यांच्या पट्टकृमींचा अभ्यास उशिरा आणि वेगळ्या रीतीने सुरू झाला. थॉमस साउथवेल याने 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' या मालेत १९३० साली पट्टकृमींचे दोन खंड लिहिले, आणि पुढची कित्येक दशके या देशातला कृमी ओळखायचा तर तेच खंड उघडावे लागत. त्याच सुमारास नागपूरच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये एम. ए. मोघे काम करीत होते. १९२५ मध्ये त्यांनी कबुतरवर्गातल्या पक्ष्यांमधून दोन नव्या जाती वर्णिल्या, आणि १९३३ मध्ये पक्ष्यांच्या चार नव्या पट्टकृमींवरचा त्यांचा लेख केंब्रिजहून निघणाऱ्या 'पॅरासिटॉलॉजी' या नियतकालिकात आला. स्वातंत्र्यानंतर औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठात जी. बी. शिंदे आणि त्यांचे विद्यार्थी या कामात पडले आणि त्यांनी पट्टकृमींच्या पुष्कळ जाती नोंदवल्या. माशांतल्या सेंगा या वंशाच्या दोन जातींची १९८० सालची नावेच पाहावीत: सेंगा गोदावरी, सेंगा औरंगाबादेन्सिस. आपल्या नदीचे आणि गावाचे नाव माशाच्या आतड्यातल्या कृमीला देण्यात कोणाला कमीपणा वाटला नाही, ही गोष्ट गमतीची आणि शास्त्राला शोभणारीही.

या कामाची रीत ठरलेली होती. आतडे चिरायचे, कृमी धुऊन ताणून फॉर्मॅलिनमध्ये घालायचा, रंगवायचा, काचेवर बसवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे डोके, आकडे, वृषण मोजायचे. मोजमाप वेगळे आले की नवी जात. या रीतीचा दोष रुडॉल्फीच्या रीतीचाच होता: काचेवर बसलेला कृमी आपण कोठून आलो हे सांगत नाही. त्यामुळे अशा प्रकारे जगभर पाडलेल्या कित्येक जाती पुढे एकमेकींत विलीन कराव्या लागल्या. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर पाणपक्षी मारून आतडी तपासण्यावर बंधने आली, ते योग्यच झाले.

खुद्द लिग्युलाच्या बाबतीत उलटे घडले आहे. एकोणिसाव्या शतकाने अनेक नावे पुसून त्याला एक जात ठरवले. एकविसाव्या शतकात जनुकीय तपासणीने ती एक जात नसून प्रदेशाप्रमाणे आणि माशांप्रमाणे वेगळ्या झालेल्या वंशांचे टोळके आहे असे दाखवले. म्हणजे रुडॉल्फीचे 'एकाहून अधिक' हे उत्तर आकड्यापुरते खरे निघाले, कारण मात्र पार चुकीचे.

कृमी माशाचे काय करतो हे त्याआधी, विसाव्या शतकातच उमगू लागले होते. लिग्युला झालेल्या माशाची जननेंद्रिये वाढत नाहीत. टी. केर यांनी १९४८ मध्ये आणि ख्रिस आर्म यांनी १९६०च्या दशकात हा परिणाम माशाच्या मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीपर्यंत नेऊन भिडवला. मासा जगतो, खातो, पण प्रजोत्पादन करीत नाही. त्याची शक्ती कृमीच्या वाट्याला येते. शिवाय फ्रान्समधल्या अभ्यासांत असे दिसले की लागण झालेले मासे पृष्ठभागाजवळ आणि काठाशी जास्त वावरतात, म्हणजे नेमके तिथे, जिथे पक्ष्याची चोच पोहोचते. फ्लेमिंगोच्या एका पट्टकृमीची तऱ्हा आणखी नजरेत भरणारी. खाऱ्या पाण्यातल्या आर्टेमिया या झिंग्यासारख्या जीवात तो वाढतो. लागण झालेला आर्टेमिया लालभडक होतो आणि पाण्याच्या वरच्या थरात येतो. उथळ पाणी चाळणाऱ्या पक्ष्याला याहून सोयीचे ताट दुसरे नसेल.

इतक्या यजमानांवर बेतलेला कृमी तितकाच पाण्यावरही बेतलेला असतो. टिंबाएवढा जीव, मासा आणि मासेखाऊ पक्षी हे तिघे एकाच पाण्यात भेटले नाहीत, तर त्याचा वंश तिथेच संपतो. कोल्हापूर एके काळी तळ्यांचे गाव होते. रावणेश्वराचे तळे गेले आणि तिथे शाहू स्टेडियम झाले. कपिलतीर्थाच्या जागी मंडई आली. शिवाजी पेठेतले वरुणतीर्थ बुजून त्याचे गांधी मैदान झाले. पावसाळ्यात त्या मैदानावर पाणी साचते आणि पेठेला जुन्या तळ्याची आठवण करून देते, पण त्या पाण्यात मासा नसतो आणि मासा नाही म्हणून टिबुकली उतरत नाही. पेठेच्या शेजारी लिग्युलासारख्या कृमीची साखळी जुळू शकेल असे पाणी आता एकच उरले आहे, ते रंकाळ्याचे.